संगमरवरातली खळी

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी आम्ही त्या लॉबीची मोजमापं घ्यायला गेलो. लेझरचं यंत्र भिंतीला लावून मी आकडे सांगत होते आणि माझा सहकारी ते टॅब्लेटवरच्या आराखड्यात भरत होता. मागच्या भिंतीशी पेपरवाल्याचा स्टँड होता. संगमरवरी काउंटर, मागे लाकडी फळ्या, त्यांवर च्युइंगगम, डोकेदुखीच्या गोळ्या, लॉटरीची तिकिटं आणि खाली वर्तमानपत्रांच्या चळती. काउंटरमागे सत्तरीचे एक गृहस्थ स्वेटरवर स्वेटर चढवून बसले होते. काउंटरची लांबी ९ फूट ४ इंच, रुंदी २२ इंच. सहकाऱ्याने विचारलं, "हा ठेवायचा की पाडायचा?" आमच्या ग्राहकाने दिलेल्या यादीत 'पाडायचा' असं होतं. मी तसं सांगितलं.

"बेन, तुमी मराठी काय?" काउंटरमागून आवाज आला.

मघाशी पट्टी हातातून निसटली तेव्हा माझ्या तोंडून 'अगं बाई' निघालं होतं, ते त्यांनी बरोबर टिपलं होतं. "मी पन मुंबईचा. मूळ नवसारी, पन बारा वरस मस्जिद बंदरला काडली," ते म्हणाले. मग पाडण्याविषयी एक अक्षरही न काढता त्यांनी गल्ल्याजवळचं रबरी आसन उचललं आणि म्हणाले, "इथे हात लावून बगा."

मी हातमोजा काढून हात लावला. काउंटरच्या कडेला, जिथे गिऱ्हाईक पैसे ठेवतं आणि दुकानदार ते ओढून घेतो, तिथे दगड झिजला होता. तळहाताएवढी, अगदी उथळ खळी. आजीच्या पाट्याला मधोमध असते तशीच. "नाण्यांनी झाली. अर्धी माझ्या आदीच्यानी केली, अर्धी मी," काका म्हणाले.

मी व्यवसायाने आर्किटेक्ट. गेली बरीच वर्षं शिकागोत जुन्या इमारती नव्या कामासाठी तयार करण्याचं काम करते. मंडळाच्या संपादकांनी या वर्षी 'तुमच्या कामाविषयी लिहा' म्हटलं, तेव्हा ही लॉबीच डोळ्यांपुढे आली. इमारतीचं, मालकांचं आणि तिथे आलेल्या दुकानाचं नाव मुद्दामच सांगत नाही. चूक झाली ती माझी होती.

लॉबी म्हणजे कोणाची खोली?

आपल्यापैकी बरेचजण कधी ना कधी शिकागोच्या लूपमध्ये नोकरीला गेलेले आहेत. हिवाळ्यात ट्रेनमधून उतरून ऑफिसला पोचेपर्यंत आपण काय करतो? या इमारतीच्या लॉबीतून शिरतो, पलीकडच्या रस्त्यावर निघतो, धावत रस्ता ओलांडतो आणि पुढच्या लॉबीत शिरतो. १९३४ साली पूर्ण झालेली फील्ड बिल्डिंग तर याच बेताने बांधली आहे. तिची लॉबी लासाल स्ट्रीटपासून क्लार्क स्ट्रीटपर्यंत आरपार जाते आणि दोन्ही बाजूंना दुकानांची सोय आहे. त्या काळच्या ऑफिस इमारतींमध्ये सिगारवाला, न्हावी, बूटपॉलिशवाला, फुलवाला आणि पेपरवाला हे असायचेच. वर हजारो माणसं कामाला, त्यांच्या बारीकसारीक गरजा खाली भागायच्या. तेव्हा लॉबीत दुकान ही नवी कल्पना अजिबात नाही. नवं आहे ते अख्खी लॉबीच दुकान करणं.

याचं कारण सरळ आहे. कोविडनंतर वरचे मजले ओस पडले. लासाल स्ट्रीट म्हणजे शिकागोचं फोर्ट. एकेकाळी बँका, विमा कंपन्या आणि सौदेबाजार यांची गजबज असलेला हा रस्ता इतका रिकामा झाला, की २०२२ साली महापालिकेने तिथल्या जुन्या ऑफिस इमारतींमध्ये राहती घरं करण्याची योजना जाहीर केली. त्यांतली ३० टक्के घरं परवडणाऱ्या भाड्याची असावीत ही अट घातली. माणसं राहायला येणार म्हणजे त्यांना खाली दुकानं लागणार. मालकांनाही रिकाम्या मजल्यांचा तोटा तळमजल्याच्या भाड्यातून थोडा तरी भरून काढायचा असतो. मग संगमरवराने मढवलेली, तीस फूट उंच छताची, दिवसभर नुसती चालण्यापुरती वापरली जाणारी खोली त्यांच्या डोळ्यांत भरते. आमच्या मालकांच्याही भरली. घरसजावटीच्या वस्तू विकणाऱ्या एका ब्रँडने ती भाड्याने घेतली आणि आराखड्याचं काम आमच्याकडे आलं.

कोणत्या सालापर्यंत मागे जायचं?

अशी कामं सुरू करण्यापूर्वी मी आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलांना एका इमारतीत घेऊन जाते. लासाल आणि अ‍ॅडम्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची रूकरी. डॅनियल बर्नहॅम आणि जॉन रूट यांनी बांधलेली ही अकरा मजली इमारत १८८८ साली पूर्ण झाली. शिकागोची जमीन दलदलीची, म्हणून रूटने पायात रेल्वेच्या रुळांची उभी-आडवी जाळी रचून ती काँक्रीटमध्ये बसवली आणि त्या तराफ्यावर इमारत उभी केली. मधोमध चौक सोडला, दुसऱ्या मजल्याच्या वर काचेचं छप्पर घातलं आणि खाली लोखंडी नक्षीची लॉबी केली. विजेचा दिवा नवखा असतानाच्या काळात आतल्या ऑफिसांनाही सूर्यप्रकाश मिळावा, हा त्यामागचा हिशेब. आपल्या वाड्याचा चौकच म्हणा, फक्त वर काच.

नावाची गोष्टही मजेची आहे. १८७१ च्या मोठ्या आगीनंतर या जागेवर महापालिकेची तात्पुरती कचेरी होती. तिथे पक्ष्यांचा सुळसुळाट आणि आत पुढाऱ्यांचा. 'रूक' हा कावळ्याच्या जातीचा पक्षी आणि 'रूक' म्हणजे लुबाडणं, असे दोन्ही अर्थ जमून आले आणि लोक त्या जागेला रूकरी म्हणू लागले. मालकांना नाव फारसं रुचलं नव्हतं, पण ते टिकलं. रूटने तर दारावर दगडात पक्षीच कोरले.

मुद्दा पुढे आहे. १९०५ साली मालकांना लॉबी जुनाट वाटू लागली, म्हणून त्यांनी फ्रँक लॉइड राइटला बोलावलं. राइटने रूटची बरीच लोखंडी नक्षी काढली आणि खांबांभोवती सोनेरी कोरीवकामाचा पांढरा संगमरवर चढवला. १९३१ साली राइटचं कामही जुनं झालं आणि त्याच्याच जुन्या सहकाऱ्याने, विल्यम ड्रमंडने, तिथे नव्या धाटणीचे बदल केले. पुढे काचेचं छप्पर गळायला लागलं म्हणून त्यावर डांबर आणि रंग फासला गेला. ज्या चौकाचा जीव प्रकाशात होता, तो पन्नासेक वर्षं अंधारात राहिला.

१९८८ साली इमारत नव्या मालकाकडे आली आणि १९९२ पर्यंत तिचा जीर्णोद्धार झाला. तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हाच, की मागे जायचं ते कोणत्या सालापर्यंत? रूटचं १८८८ खरं, राइटचं १९०७ खरं की ड्रमंडचं १९३१ खरं? त्यांनी चौकासाठी राइटचा काळ धरला. छपरावरचं डांबर खरवडून काढलं आणि चौकाच्या माथ्यावर दुसरं काचेचं छत घालून खालच्या जुन्या छपराला पावसापासून सोडवलं. ड्रमंडच्या लिफ्टची पक्षी कोरलेली ब्राँझची दारं त्यांनी जपली. आणि एका खांबावरचा राइटचा संगमरवर काही भागापुरता उघडा ठेवला, आत रूटचा मूळ लोखंडी खांब दिसावा म्हणून. मुलांना मी त्या खांबासमोर उभं करते. एकाच खांबात दोन पिढ्या दिसतात. चौकाभोवती आज दुकानं आहेत, तरी चौक पाहायला आलेल्या माणसाला 'काय घेणार?' असं कोणी विचारत नाही.

तुमच्या मुलांना 'होम अलोन २' मधलं खेळण्यांचं दुकान आठवत असेल. त्याचं बाहेरचं दर्शन याच इमारतीचं आहे. सिनेमावाल्यांनी १९९२ मध्येच तिथे दुकान थाटून टाकलं होतं!

उलट उदाहरणही मी सांगते. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, ५१० क्रमांकाला, १९५४ साली काचेची एक बँक उभी राहिली. तिजोरीचं प्रचंड दार चक्क रस्त्यावरून दिसेल असं मांडलेलं, आणि वरच्या मजल्यावर शिल्पकार हॅरी बर्टोइयाचा ७० फूट लांबीचा धातूचा पडदा. २०१० साली तिचं कपड्यांचं दुकान करायचं ठरलं तेव्हा तो पडदा उतरवला गेला. २०११ मध्ये आतल्या भागाला वारशाचा दर्जा मिळाला, पाठोपाठ फेरफारांना परवानगीही मिळाली, मग कोर्टकज्जा झाला आणि २०१२ मध्ये तडजोड होऊन पडदा परत आला. दुकान आणि वारसा यांचं भांडण असतंच असं नाही. पण आधी काढायचं आणि मग विचारायचं, असं केलं की भांडण होतंच.

खिळा कुठे मारायचा

आमची लॉबी रूकरीइतकी प्रसिद्ध नाही. १९२० च्या दशकातली, पितळी पट्ट्यांची टेराझो फरशी, गुलाबीसर संगमरवराच्या भिंती, ब्राँझच्या लिफ्ट आणि काचेची टपालनळी. वरच्या कुठल्याही मजल्यावरून पत्र टाकलं की ते या नळीतून सरसरत खाली पितळी पेटीत पडायचं. मालकांना केंद्र सरकारची वारसा-करसवलत हवी होती. खर्चाच्या २० टक्के रक्कम कराच्या हिशेबात परत मिळते, पण त्यासाठी प्रत्येक बदल राज्याच्या वारसा कार्यालयाने आणि नॅशनल पार्क सर्व्हिसने मान्य करावा लागतो. त्यांचे दहा नियम आहेत. त्यांतला शेवटचा मला फार आवडतो. नवीन जे जोडाल ते असं जोडा, की उद्या काढून टाकलं तरी मूळ इमारत शाबूत राहिली पाहिजे. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारू नको म्हणून आई बजावायची, तसंच हे. आपण सगळे इमारतीत भाडेकरूच.

त्यामुळे आमची सगळी कपाटं जमिनीवर स्वतःच्या वजनाने उभी राहिली. जिथे भिंतीला आधार लागलाच तिथे स्क्रू दगडात न मारता दोन दगडांमधल्या सांध्यात मारला. सांध्यातला चुना परत भरता येतो, दगडाला पडलेलं भोक बुजवलं तरी दिसतंच. आगीसाठीच्या पाण्याचे नळ छताच्या कंगोऱ्यामागे लपवले. दगडावरचे डाग घासून न काढता त्यांवर मातीचा ओला लेप लावून ठेवला. वाळताना तो डाग शोषून घेतो. सिगारेटच्या धुराचा कित्येक वर्षांचा पिवळेपणा असा लेपालेपाने उतरला. चेहऱ्याला मुलतानी माती लावतात ना, तसंच.

सगळ्यात मोठा आनंद छताने दिला. लोंबतं खोटं छत कधीतरी साठच्या दशकात एअरकंडिशनिंगच्या नळ्या लपवायला घातलं होतं. त्याचे दोन चौकोन उतरवून मी शिडीवरून टॉर्च मारला तर वर मूळ गिलाव्याचं छत तसंच! चौकटी, प्रत्येक चौकटीत फूल, आणि खोटं छत टांगण्यासाठी मधेमधे बेदरकारपणे पाडलेली भोकं. एका शाबूत फुलावर रबराचा साचा घेतला आणि तुटलेल्या फुलांच्या जागी त्या साच्यातून नवी फुलं ओतली. गिलाव्याचं काम करणारा कारागीर पोलिश होता. "माझ्या आजोबांनी अशीच छतं केली," तो म्हणाला. शिकागोत हे बोलणं खरं असण्याची शक्यता बरीच असते.

भांडणंही झाली. ब्रँडच्या माणसांना दुकानात पांढराशुभ्र उजेड हवा होता. तो लावून बघितला तर गुलाबी संगमरवर शवागारासारखा दिसू लागला. शेवटी दिवे कपाटांमध्येच बसवले, वस्तूंवर पडतील असे, आणि छताला उबदार उजेड ठेवला. दारातल्या तीन पायऱ्यांसाठी उतार करायचा होता. कायद्याप्रमाणे एक इंच चढायला एक फूट लांबी लागते. पायऱ्या मिळून १८ इंच, म्हणजे १८ फुटांचा उतार. एवढी जागा जाणार म्हणून ब्रँडवाले कुरकुरले. पण १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि तेव्हापासून या बाबतीत घासाघीस चालत नाही. चालूही नये. आज त्या उतारावरून व्हीलचेअरपेक्षा बाबागाड्याच जास्त जातात.

खरी लढाई झाली ती मागच्या दारावरून. आमची लॉबीही आरपार होती. ब्रँडच्या सुरक्षा अधिकाऱ्याला मागचं दार कायमचं बंद हवं होतं. दोन दारं म्हणजे चोरीची भीती दुप्पट, हा त्याचा मुद्दा चूक नव्हता. मी दोन दिवस सकाळी सात ते नऊ तिथे उभी राहून येणारीजाणारी माणसं मोजली. बहुतेक कोणी त्या इमारतीतलं नव्हतंच. कोणी सफाई कामगार, कोणी कोर्टातला वकील, कोणी कॉलेजची मुलगी. गारठलेला चष्मा पुसत आत यायचे आणि तोंडावर मफलर ओढून पलीकडे निघून जायचे. ते आकडे मी बैठकीत मांडले आणि म्हटलं, की ही माणसं आज गिऱ्हाईक नाहीत, पण रोज तुमच्या दुकानातून चालत जाणार आहेत. कुठला दुकानदार असं दार बंद करतो? मालक माझ्या बाजूने बोलले. सकाळी सात ते संध्याकाळी सात वाट मोकळी ठेवायचं ठरलं. कपाटं दोन्ही बाजूंना, मधून सरळ रस्ता.

त्या रात्री घरी मी साजूक तुपातला शिरा केला होता, एवढी खूश होते.

जे मी राखू शकले नाही

काउंटर पाडायचा बेत वारसा कार्यालयाने नामंजूर केला. तो मूळ इमारतीबरोबरचा होता आणि 'इमारतीचं व्यक्तिमत्त्व ठरवणारे घटक' या यादीत त्याचं नाव चढलं. म्हणजे काउंटर राहणार हे नक्की झालं. काउंटरमागच्या माणसाचा विचार त्या यादीत कुठेच नव्हता. त्यांचा करार महिन्यामहिन्याचा होता. मालकांनी साठ दिवसांची नोटीस दिली. कायद्याने एवढीही गरज नव्हती, हे मला दोनदा सांगण्यात आलं.

मी थोडे प्रयत्न केले. बाजूच्या कॉरिडॉरमध्ये सहा फुटांची जागा आराखड्यात काढून दाखवली. मालक 'बघू' म्हणाले. पण काकांनीच मान हलवली. "बेन, खोटं कशाला बोलू? पेपर आता कोन वाचतो? कोविडनंतर लॉटरीवरच चालतो धंदा. पोरगी बोलते, पप्पा बस करो." तेव्हा आपण एका माणसाचं पोट मारलं असं काही झालं नव्हतं. तो धंदा तसाही मावळत होता. पण तो कधी मिटवायचा, हे ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडून गेला होता, आणि तो नेणाऱ्या कागदावर सही माझी होती.

जाताना त्यांनी एकच मागितलं. रबरी आसन उचलून म्हणाले, "हा खड्डा ऱ्हाऊ दे."

मी शब्द दिला. संगमरवराच्या कामाच्या नकाशावर त्या जागी वर्तुळ काढून लिहिलं, की हा भाग घासू नये, झीज तशीच ठेवावी. मग ब्रँडने विचार बदलला. काउंटरचा बिलिंगसाठी वापर करायचा ठरला, वायरी कुठून न्यायच्या याचे नवे नकाशे निघाले, पानांचे क्रमांक बदलले. जुन्या पानावरची माझी सूचना नव्या पानावर आलीच नाही. नव्या पानावर सही करण्यापूर्वी मी वायरी तपासल्या, मापं तपासली. ते वर्तुळ तपासलं नाही.

पॉलिशवाले रात्रपाळीला आले आणि त्यांनी आपलं काम चोख केलं. सकाळी मी आत गेले तेव्हा काउंटर आरशासारखा चमकत होता. मी कडेला हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. डावीकडून, उजवीकडून. सगळीकडे एकसारखा गुळगुळीत दगड.

ठेकेदार भला माणूस. माझा चेहरा बघून म्हणाला, "तुला खळगा हवाय? दहा मिनिटांत करून देतो." तो थट्टा करत नव्हता. यंत्राने अगदी हुबेहूब खळी निघाली असती आणि कोणाला कळलंही नसतं. पण त्या दहा नियमांतला एक नियम असंही सांगतो, की जे घडलं नाही ते घडल्याचा भास निर्माण करू नका. आणि नियम नसता तरी मला ते जमलं नसतं. देवळाची पायरी लाखो पावलांनी झिजते. ती यंत्राने झिजवून दिली तर तिला कोण हात लावून नमस्कार करेल?

वारसा कार्यालयाकडे कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो गेले. सगळं मंजूर झालं, करसवलत मिळाली. त्या फोटोंत काउंटर आधीपेक्षा चांगलाच दिसत होता. कोणीही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

काकांना मी फोन करून सांगितलं. दोन सेकंद शांतता, मग "हशे, बेन" एवढंच.

दुकान उघडल्यावर तीनेक आठवड्यांनी ते आले, काकींना घेऊन. मीही गेले. उतारावरून काकींचा हात धरून ते आत आले. त्यांनी छताकडे पाहिलं, फुलं मोजली. तिथे इतकी वर्षं बसून त्यांना ती कधी दिसलीच नव्हती, त्यांच्या डोक्यावर खोटं छत होतं! मग काउंटरपाशी गेले. पलीकडची मुलगी हसून 'मे आय हेल्प यू' म्हणाली. त्यांनी कडेवर हात ठेवला, सवयीने नेमका त्याच जागी, आणि सरकवला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लखलखीत केलं. चांगलं केलं." थोड्या वेळाने म्हणाले, "तसं पन आता नाणी कोन देतो? सगळे कार्ड टेकवतात. दुसरा खड्डा कई पडनार नाय."

काकींनी एक मेणबत्ती उचलून किंमत वाचली आणि सापाला ठेवावी तशी हळूच परत ठेवली. आम्ही तिघंही हसलो. मग मागच्या दाराने, मी भांडून उघडं ठेवलेल्या वाटेने, ते दोघं निघून गेले.

पाहुणे आले की

मुंबईतही हे घडतं आहे. १९९५ साली मुंबईने वारसा इमारतींसाठी नियम केले आणि तेव्हापासून फोर्टमधल्या दगडी इमारतींना थोडं अभय मिळालं. २०१२ साली हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं तेव्हा मी सुट्टीवर होते आणि बाबांना घेऊन गेले होते. बाबा नोकरीची तीस वर्षं त्या चौकातून चालत गेलेले. कॉफीची किंमत बघून त्यांनी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण आत बसल्यावर सभोवार बघत म्हणाले, "आत कसं असेल असं नेहमी वाटायचं. कधी शिरण्याचं कारणच नव्हतं." दुकानामुळे दार बंद होतं तसं कधी उघडतंही. कोणासाठी उघडतं आणि कोणासाठी बंद होतं, एवढं मात्र बघावं लागतं.

त्या लॉबीनंतर मी एक बदल केला. आमच्या पाहणीच्या तक्त्यात दगड, धातू, गिलावा, लाकूड असे रकाने असतात. त्यांत मी 'माणसं' हा रकाना घातला. इथे रोज कोण उभं राहतं, कोण बसतं, कोण नुसतं ओलांडून जातं. आणि जिथे हाताने, पायाने काही झिजलं असेल ती जागा मी आता नकाशावर लिहून थांबत नाही. प्रत्यक्ष त्या दगडावर निळी चिकटपट्टी लावते आणि पॉलिशवाल्याला भेटून सांगते. नकाशाचं पान बदललं तरी पट्टी जागेवरच राहते.

पुढच्या उन्हाळ्यात तुमचे आईबाबा, सासूसासरे शिकागोला आले की त्यांना बीन आणि विलिस टॉवर दाखवालच. वाटेत कामाच्या दिवशी दहा मिनिटं रूकरीतही शिरा. आत जायला पैसे पडत नाहीत. वर काचेकडे बघा, मग तो उघडा ठेवलेला खांब शोधा. आणि कुठल्याही जुन्या इमारतीतून जाताना जिन्याच्या कठड्यावरून, दाराच्या मुठीवरून, काउंटरच्या कडेवरून जरा हात फिरवत जा. कुठे खळी लागली तर थांबा. तिथे बरीच माणसं येऊन गेलेली आहेत.